रोही आणि शेळ्यांतला हिमॉन्कस: जनुकीय विविधतेसाठी नमुने कुठून, किती आणि कसे घ्यावेत?

घाटाखालचा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. विषय हिमॉन्कस कॉन्टॉर्टस, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा लाल-पांढरा पीळदार जंत. इंदूरजवळच्या महू, मानपूर, सिमरोल या पट्ट्यात रोही (म्हणजे नीलगाय; इकडे सगळे घोडारोजच म्हणतात) आणि गावच्या शेळ्या एकाच पडीक रानात चरतात. शोधायचं आहे ते हे: रोहीच्या पोटातल्या हिमॉन्कसमध्ये जनुकीय विविधता किती आहे, आणि तो शेळ्यांतल्या जंताशी मिसळलेला आहे की वेगळा पडलाय.

सध्याचा बेत असा. रोही ठरावीक जागी येऊन लेंड्या टाकतात, त्या ६ ढिगांवरून एकेक पिशवी. शेळ्यांच्या ६ कळपांतून एकेक. पिशव्या ४ °से ला फ्रिजमध्ये, आठवड्याभरात सगळ्या जमल्या की एकदम कल्चर (लेंडीतली अंडी उबवून अळ्या वाढवणं) लावायचं. प्रत्येक पिशवीतल्या ३० अळ्यांचं आयटीएस-२ (डीएनएचा एक छोटा भाग) सिक्वेन्सिंग. दोन्हींत फरक दिसला नाही तर "एकच पॉप्युलेशन".

चाचणी म्हणून केलेल्या खेपेत तीन अडचणी आल्या. शेळ्यांच्या कल्चरमध्ये अळ्या मोजक्याच निघाल्या. रोहीच्या कल्चरमध्ये वळवळ भरपूर, पण बऱ्याच अळ्यांवर आवरणच नाही. आणि एका मेलेल्या रोहीच्या पोस्टमॉर्टेममधून मिळालेल्या मादी जंतांवर मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी मोजणारे मार्कर) लावले तर एकेका जंतात जास्तीत जास्त दोनाऐवजी तीन-तीन, चार-चार शिखरं येतात. कुठे काय चुकतंय?

---

काळी_माती

आधी फ्रिज बंद करा, अर्धी अडचण तिथेच आहे. हिमॉन्कस उष्ण मुलखातला जंत. त्याच्या अंड्याला साधारण १० °से च्या खाली वाढच होत नाही, आणि ४ °से ला दोन दिवस राहिलं की उबवण झपाट्याने घसरते. काही इतर जंतांची अंडी तोच गारठा बऱ्यापैकी सोसतात. त्यामुळे आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या लेंडीतून जे निघतं ते त्या जनावरातल्या जंतांचं खरं प्रमाण नसतं, गारठ्यातून वाचलेल्यांचं असतं. कल्चर लावायचं असेल तर त्याच दिवशी लावा. फारच झालं तर २४ तास, सावलीत, खोलीच्या तापमानाला.

फ्रिज वापरायची एकच वेळ: अळ्या नकोत, थेट अंड्यांतून डीएनए काढायचाय. तेव्हा झिप पिशवीतली हवा पूर्ण दाबून काढायची (हवा नसली की अंड्यातली वाढ थांबते) आणि गार ठेवायचं. हे दोन रस्ते वेगळे आहेत. एका पिशवीवर दोन्ही करू नका, दोन पिशव्या करा.

आता ढीग. रोहीचा ढीग म्हणजे गावाबाहेरचा उकिरडाच समजा. कालचं, परवाचं, मागच्या पंधरवड्याचं सगळं एकावर एक, अनेक जनावरांचं. खालच्या लेंड्या मातीला लागलेल्या असतात आणि मातीतले मुक्त राहणारे सूत्रकृमी त्यांत दोन दिवसांत शिरतात. तुमच्या "आवरण नसलेल्या" अळ्या बहुतेक त्याच. उपाय साधा आहे. पहाटे कळप दुर्बिणीतून बघून ठेवायचा, तो हलला की जायचं. वरच्या थरातला, एकाच आकाराचा, एकाच ओलसर चमकेचा पुंजका उचलायचा. एक लेंडी बोटांत फोडून बघा. आत मऊ, गडद हिरवट आणि ओली असेल तर ताजी. वर चमक पण आत भुसा लागला तर ती दवाने ओली झालेली जुनी लेंडी आहे, सोडून द्या. रात्रीच्या दवात ही फसगत फार होते.

एका पुंजक्यातून कल्चरला पुरेल एवढं घ्या, मातीला टेकलेल्या लेंड्या वगळून. एका ढिगावरून एका दिवशी एकच पुंजका. नर त्याच ढिगावर पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे पाच दिवसांच्या पाच पिशव्या म्हणजे पाच जनावरं असं धरू नका. तुमचे ६ ढीग कदाचित ३ जनावरांचे असतील. जनावर कोणतं हे पक्कं हवं असेल तर लेंडीच्या बाहेरचा चिकट थर ओल्या स्वॅबने पुसून घ्या, त्यात यजमानाच्या आतड्याच्या पेशी मिळतात. सायटोक्रोम-बी या जनुकावरून निदान जात तरी पक्की करून घ्या. रोहीच्या पाडसाची लेंडी आणि मोठ्या बोकडाची लेंडी नुसत्या नजरेने वेगळी काढता येते या भ्रमात राहू नये.

हंगाम: माळव्यात या जंताचा खरा कारभार पावसाळ्याचा. जुलैअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरा. एप्रिल-मेमध्ये रानात अळी टिकत नाही आणि पोटातले बरेच जंत चौथ्या अवस्थेत वाढ रोखून बसलेले असतात. अंडीच कमी पडतात.

परवानगीचं आधीच बघा. अभयारण्याच्या हद्दीत लेंडी उचलायलासुद्धा भोपाळहून मुख्य वन्यजीव वॉर्डनची परवानगी लागते. बाहेरच्या शेतात काम असलं तरी वनमंडलाचं पत्र खिशात ठेवा, पहाटे दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले जातातच. नमुने परदेशी लॅबकडे जाणार असतील तर जैवविविधता कायद्याखालची मंजुरी वेगळी.

---

बेंच_३

वरचं सगळं मान्य. लॅबची बाजू मी लिहिते.

कल्चरच्या आधी मॅकमास्टर (लेंडीतल्या अंड्यांची मोजणी) कराच. ४ ग्रॅम लेंडी, ५६ मिली संपृक्त मिठाचं पाणी, गाळून दोन्ही कप्पे भरायचे, दोन्ही मिळून आलेला आकडा गुणिले ५० म्हणजे ग्रॅममागे अंडी. पाण्यात मीठ तळाशी थोडं शिल्लक राहीपर्यंत घाला, लिटरला ४०० ग्रॅम घेतलं तर उरतंच. शेळीत या पद्धतीला हजारांतले आकडे सहज येतात. जंगली जनावरांत मात्र बऱ्याचदा शून्य ते दोनशेच्या घरात असतं, आणि एक अंडं म्हणजे ५० अशी मोजणी तिथे निरुपयोगी ठरते. अशा वेळी जास्त लेंडी घेऊन सेंट्रिफ्यूज फ्लोटेशन (वेगाने फिरवून अंडी वर तरंगवणं) करा. हा आकडा नुसता नोंदीसाठी नाही, विविधतेचा अर्थ लावताना तोच लागणार आहे. आणि अंड्यावरून हिमॉन्कस ओळखल्याचं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. या गटातल्या बहुतेकांची अंडी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात.

कल्चर: २० ते ३० ग्रॅम लेंड्या हलक्या हाताने कुस्करून तेवढ्याच आकारमानाच्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज) मिसळा. ओल किती, तर मुठीत आवळल्यावर तळवा ओला व्हावा पण थेंब पडू नये. रोहीची लेंडी शेळीपेक्षा कोरडी आणि चोथट असते, तिला पाणी दोनदा शिंपडावं लागतं. बरणीचं झाकण सैल, २७ °से, ७ दिवस, रोज एकदा उघडून हवा द्यायची. पाणी जास्त झालं तर बुरशी चढते आणि अळ्या गुदमरतात. कमी झालं तर पहिल्या अवस्थेतच सुकतात. सातव्या दिवशी बेअरमन फनेल (नरसाळ्यातल्या पाण्यात अळ्या खाली उतरवून घेणं), १२ ते २४ तास. आता गंमत बघा: अंड्याला जो गारठा मारतो तो तिसऱ्या अवस्थेच्या अळीला सोसतो. पाण्यात, पातळ थर करून, १० °से च्या आसपास ती कित्येक आठवडे जिवंत राहते. म्हणून घाई लेंडीची असते, अळीची नाही.

ओळख: स्लाइड गरम पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरली की अळी सरळ होऊन थांबते. हिमॉन्कसची तिसऱ्या अवस्थेतली अळी आवरणात असते, आतड्याच्या पेशी १६, डोकं निमुळतं गोल, आणि आवरणाची शेपटी मध्यम लांबीची, टोकाकडे मुडपलेली. ट्रायकोस्ट्रॉन्गायलसची आवरणशेपटी आखूड. इसोफॅगोस्टोममची लांबलचक, दोऱ्यासारखी. आवरण नाही आणि अन्ननलिका जवळजवळ अर्ध्या अंगापर्यंत गेली असेल तर स्ट्रॉन्गिलॉइडिस. आवरण नाही आणि अन्ननलिकेला मागे फुगीर गाठ असेल तर मातीतला मुक्त सूत्रकृमी. तुमची "वळवळ" या शेवटच्या दोघांपैकी कोणाची ते पाच मिनिटांत कळेल.

एकेका अळीचा डीएनए: सौम्य हायपोक्लोराइटमध्ये आवरण गळताना सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा, गळलं की लगेच तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. जास्त वेळ राहिली तर अळीच विरघळते, आणि धुणं अर्धवट राहिलं तर उरलेला क्लोरीन पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतो. मग २५ मायक्रोलिटर लायसिस बफरमध्ये (५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.३, २.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.४५ टक्के एनपी-४०, ०.४५ टक्के ट्वीन-२०) प्रोटिनेज-के २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून ६० °से ला २ तास, नंतर ९५ °से ला १५ मिनिटं. हे शेवटचं गरम करणं टाळू नका, प्रोटिनेज शिल्लक राहिलं तर ते पॉलिमरेज खाऊन टाकतं. पीसीआरला हा लायसेट (अळी विरघळलेला बफर) दहापट ते वीसपट पातळ करून १ ते २ मायक्रोलिटर पुरतो. न पातळ करता घातला की "अळीत डीएनएच नाही" असं वाटतं, खरं तर डीएनए असतो आणि सोबतची घाण त्याला चालू देत नाही. प्रत्येक प्लेटमध्ये दोन खळगे अळीविना: एकात अळीशिवायचा बफर, दुसऱ्यात अळ्या शेवटच्या वेळी धुतल्या ते पाणी.

आता मादी जंताची शिखरं. मादी अख्खी घेतली की तिच्या गर्भाशयातली फलित अंडी आणि नरांचं शुक्रही सोबत येतं. मादी एकाहून जास्त नरांशी जुळते, त्यामुळे तुम्ही मादी आणि तिच्या पोरांचे बाप असं सगळं खटलं एकत्र वाचताय. मादीचा फक्त डोक्याकडचा तुकडा घ्या, ३ ते ४ मिमी, पांढरे दोरे (अंडाशय) तांबड्या आतड्याला वेढा घालायला लागतात त्याच्या पुढेच ब्लेड लावायचं. मायटोकॉन्ड्रियातलं नॅड-४ हे जनुक बघताना हा घोटाळा होत नाही, कारण अंड्यांतला मायटोकॉन्ड्रिया आईचाच. म्हणजे तुमचे जुने अख्खे लायसेट फेकू नका, नॅड-४ ला चालतील.

पोस्टमॉर्टेममधून जंत घेताना: चौथं पोट दोन्ही टोकांना बांधून सोडवा, मोठ्या बाकाने चिरा, बादलीत धुवा, पाणी २ लिटर करा, ढवळत २०० मिली काढा, म्हणजे दहा टक्के नमुना. पीठ चाळायच्या बारीक चाळणीवर जंत अडकतात. थेट ९५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलमध्ये, जंताच्या दहापट. फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेलेल्या जंतांवर पुढे सिक्वेन्सिंगची आशा ठेवू नये, फॉर्मॅलिन डीएनएला जागोजागी बांधून टाकतं.

---

घाटाखालचा

ताई, काळी_माती सर, दोघांचे आभार. मादीचं कोडं सुटलं. आता दोन गोष्टी राहिल्या. आयटीएस-२ पुरेसं आहे का, की नॅड-४ आणि मायक्रोसॅटेलाइट दोन्ही करू? आणि रोही-शेळी यांच्यात एफएसटी (दोन गटांतल्या जनुकीय फरकाचं माप) शून्याच्या जवळ आला तर "मिसळतात" असं लिहायला हरकत आहे का?

---

बडोदेकर_पॉपजेन

हरकत आहे, आणि ती मोठी आहे.

पहिलं आयटीएस-२. हा भाग जात ओळखायला आहे, विविधता मोजायला नाही. जीनोममध्ये त्याच्या शेकडो प्रती असतात आणि त्या एकमेकींसारख्या होत राहतात, म्हणून जातीच्या आत फरक फार कमी उरतो. तुम्ही त्यावरून रोही आणि शेळी यांची तुलना केलीत तर उत्तर "फरक नाही" असंच येणार, जंत कुठलाही असो. पण ते टाळू नका. हिमॉन्कस कॉन्टॉर्टस आणि गुरांमधला हिमॉन्कस प्लेसी यांच्यात आयटीएस-२ च्या २३१ बेसपैकी फक्त ३ ठिकाणी फरक आहे. आणि रोही दिसायला हरणासारखा असला तरी कुळाने गाय-म्हशीच्या जवळचा, शेळीच्या नाही. त्याच्या पोटात कॉन्टॉर्टसच असणार हे गृहीत धरणं म्हणजे उत्तर आधीच लिहून ठेवणं. दोन्ही जातींचं मिश्रण एका पॉप्युलेशनमध्ये टाकलंत तर विविधता भरमसाट दिसेल, ती खोटी.

दुसरं, एफएसटी. या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, एका शेळीत हजारो जंत, एका गावात शेकडो शेळ्या. प्रजननक्षम संख्या प्रचंड, म्हणून योगायोगाने होणारा बदल अतिशय मंद. साधा हिशोब करा. दोन गट पूर्ण तुटले, स्थलांतर शून्य, तर टी पिढ्यांनंतर एफएसटी अंदाजे टी भागिले दोन एन (एन म्हणजे ती प्रजननक्षम संख्या). संख्या १ लाख धरा, वर्षाला ५ पिढ्या, १०० वर्षं. म्हणजे ५०० भागिले २ लाख, ०.००२५. शंभर वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले गटसुद्धा तुमच्या नमुन्यात "एकच" दिसतील. मायटोकॉन्ड्रियावर हा आकडा साधारण चौपट, ०.०१. तोही तीस-चाळीस अळ्यांत ओळखू येणार नाही. शून्याजवळचा एफएसटी म्हणजे "वेगळे झाल्याचा पुरावा नाही" एवढंच. मिसळत असल्याचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

हे अमेरिकेतल्या नव्वदच्या दशकातल्या नॅड-४ च्या कामात स्पष्ट दिसलंय. पाळीव जनावरांच्या जंतांत जवळजवळ सगळी विविधता एकेका गटाच्या आतच होती, दूरदूरच्या राज्यांत फरक नगण्य, कारण माणूस गुरं ट्रकने हलवतो. त्याच पद्धतीने तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांतला एक वेगळा जंत पाहिला तर त्यात मात्र अंतरागणिक फरक होता, कारण हरणाला ट्रक मिळत नाही. जंताची विविधता किती हे त्याचं जीवनचक्र आणि संख्या ठरवतात; ती कुठे कशी वाटली गेलीय हे यजमानाचे पाय ठरवतात. २०१९ मध्ये पाच खंडांतल्या हिमॉन्कसचे अख्खे जीनोम वाचले गेले, त्यातही सर्वात जास्त विविधता आफ्रिकेत आणि पुढचा प्रसार माणसाने हलवलेल्या जनावरांबरोबर, असंच चित्र आलं.

तिसरं, ३० अळ्या × ६ पिशव्या. उलटं करा. रोहीच्या पोटात जंत कमी असतील (म्हणून वर बेंच_३ यांनी ग्रॅममागची अंडी नोंदवायला सांगितलं ते महत्त्वाचं), समजा अंडी घालणाऱ्या माद्या ५. मग एका पिशवीतल्या ३० अळ्या म्हणजे सरासरी एका आईची ६-६ लेकरं. नॅड-४ चे हॅप्लोटाइप (त्या जनुकाची वेगवेगळी रूपं) पुन्हा पुन्हा तेच येतील, आणि तुम्ही लिहाल "रोहीत विविधता कमी, शेळीहून वेगळी". हा फरक जंतांचा नाही, भावंडं मोजल्याचा आहे. २५ ते ३० जनावरं, प्रत्येकी ६ ते ८ अळ्या. एका पिशवीत एकच हॅप्लोटाइप तीनदा आला तर भावंडांची शंका घ्या आणि एकच मोजून हिशोब पुन्हा करून बघा. निष्कर्ष बदलला तर तो निष्कर्ष नव्हताच.

मायक्रोसॅटेलाइट कराल तर शून्य-ॲलीलपासून सावध. या जंतात प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे तुकडे) बसायच्या जागीच इतके बदल असतात की काही ॲलील (त्या जागेची रूपं) पीसीआरमध्ये वाढतच नाहीत. मग विषमयुग्मी (दोन प्रती वेगळ्या असलेले) जंत समयुग्मी (दोन्ही सारख्या) दिसतात, आणि लोक त्याला "अंतःप्रजनन" म्हणतात. प्रौढ नर वापरत असाल तर आणखी एक गोम: नराला एक्स गुणसूत्र एकच असतं, वाय नसतंच. एक्सवरचा मार्कर नरात नेहमी समयुग्मीच दिसणार. असा मार्कर फक्त माद्यांत वाचा. अळीचं लिंग सहज कळत नाही, म्हणून अळ्यांत तो वापरूच नका.

---

घाटाखालचा

मग मिसळतात की नाही हे दाखवायचा मार्गच नाही?

---

बडोदेकर_पॉपजेन

आहे. तटस्थ मार्कर (ज्यांच्यावर औषधासारखा कसला दबाव नसतो ते) सोडा, औषधाचा माग काढा.

शेळ्यांना अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही जंतनाशकं दिली जातात, रोहीला कोणी पाजत नाही. या औषधांचा प्रतिकार आयसोटाइप-१ बीटा-ट्युब्युलिन जनुकातल्या तीन जागांवर बसतो: कोडॉन (डीएनएचा तीन अक्षरी शब्द) १६७, १९८ आणि २००. सर्वात जास्त दिसतो तो २००, टीटीसी चा टीएसी. रोहीतल्या जंतांत हे ॲलील बऱ्या प्रमाणात सापडलं तर ते शेळ्यांच्या रानातून आलं असण्याची शक्यता मोठी, कारण ते वाढवणारा दबाव रोहीच्या पोटात नाही. ब्रिटनमधल्या रो हरणांत या औषधांना दाद न देणारे हिमॉन्कस सापडल्याचं २०१४ सालचं काम याच धर्तीचं आहे.

पण नुसतं कोडॉन वाचून थांबू नका. एवढ्या मोठ्या पॉप्युलेशनमध्ये तेच उत्परिवर्तन अनेकदा स्वतंत्रपणे उगवतं, आणि औषध येण्याआधीही ते तुरळक असू शकतं. एक-दोन विषमयुग्मी अळ्या म्हणजे पुरावा नाही. कोडॉनच्या आजूबाजूचे तीनशे-चारशे बेस, इंट्रॉनसकट (जनुकातले प्रथिन न घडवणारे भाग) वाचा. रोहीतल्या प्रतिकारक ॲलीलचा शेजार शेळीतल्या प्रतिकारक ॲलीलशी अक्षर न अक्षर जुळला तर ते एकाच झाडाचं बी. दक्षिण भारतातल्या शेळ्या-मेंढ्यांवरच्या कामात याच पद्धतीने दिसलं की कोडॉन २०० चं उत्परिवर्तन अनेक ठिकाणी वेगवेगळं उगवलंय, पण १९८ चं एकाच उगमातून गावोगाव पसरलंय.

प्रायमर आयसोटाइप-१ पुरतेच आहेत ना हे तपासा. आयसोटाइप-२ सोबत वाढला तर प्रत्येक अळी विषमयुग्मी दिसते. सगळ्याच अळ्यांत एकाच जागी दुहेरी शिखर दिसलं तर आनंदी होऊ नका, प्रायमर बदला. आणि हे सगळं आयटीएस-२ ने कॉन्टॉर्टस ठरलेल्या अळ्यांवरच, प्लेसीतही याच जागांवर बदल होतात.

---

रतलामी_शेव

एकेक अळी वाचण्यापेक्षा पिशवीतल्या पाचशे अळ्या एकत्र करून ॲम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग (पीसीआरने वाढवलेल्या सगळ्या प्रती एकदम वाचणं) का नाही? खर्च पिशवीमागे पडतो, अळीमागे नाही. ॲलीलचं प्रमाण एका झटक्यात मिळतं.

---

बेंच_३

शेळ्यांसाठी चालेल. रोहीत पाचशे हिमॉन्कस अळ्या मिळाल्या तर पेढे वाटा. शिवाय एकत्र केल्यावर कोणती अळी विषमयुग्मी, कोण कोणाचं भावंड, हे सगळं हरवतं, आणि वर भावंडांचाच प्रश्न निघालाय. जातींचं प्रमाण काढायला ते उत्तम, तरी प्रत्येक जातीत आयटीएस च्या प्रती कमीजास्त असल्यामुळे आकडे दुरुस्त करून घ्यावे लागतात. एकाच पिशवीची दोन स्वतंत्र पीसीआर करा. दोहोंपैकी एकातच आलेला दुर्मिळ हॅप्लोटाइप टाकून द्या, तो बहुधा पॉलिमरेजची चूक असतो.

---

काळी_माती

एक गोष्ट सुटली. पाऊस सरला की राजस्थानातले रायका मेंढपाळ मेंढ्या आणि उंट घेऊन माळव्यात उतरतात, पुढच्या पावसाआधी परततात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात. म्हणजे मारवाडातला जंत तुमच्या नमुन्याच्या शेतात दरसाल चालत येतो. बाकी रान त्या दिवसांत कोरडं असतं, पण पाणी दिलेल्या गव्हाच्या शेतात ओल असते, आणि रोही रात्री नेमका तिथेच येतो.

यासाठी तीन गोष्टी करा. गावच्या शेळ्या आणि फिरत्या मेंढ्या हे दोन वेगळे गट धरा, "पाळीव" असं एकच खातं नको. प्रत्येक नमुन्याच्या शेतात गेल्या दोन वर्षांत मेंढरं बसली होती का, शेवटचं जंतनाशक कोणतं आणि कधी दिलं, हे मालकाला विचारून लिहून ठेवा. औषधाचं नाव आठवलं नाही तर रिकामी बाटली दाखवायला सांगा, ती गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असते. आणि उंट आले असतील तर आयटीएस-२ बघताना तिसरी जात लक्षात ठेवा, हिमॉन्कस लॉन्गिस्टाइप्स, ती उंटाची.

तुलनेसाठी एक असाही गट शोधा जो शेळ्यांच्या रानापासून दूर आहे. फक्त मिसळणाऱ्या जागेवरचेच रोही घेतलेत तर "मिसळल्यामुळे असं दिसतं" हे म्हणायला दुसरी बाजू कुठली? अभयारण्याच्या आतल्या भागातले आठ-दहा नमुने मिळाले तरी पुष्कळ. त्या परवानगीला वेळ लागतो, अर्ज उन्हाळ्यातच टाका.

---

घाटाखालचा

समजलं. रोही २५, गावच्या शेळ्या २५, फिरत्या मेंढ्या २५, आतले रोही मिळतील तेवढे, प्रत्येकी ८ अळ्या. आयटीएस-२ सगळ्यांवर, नॅड-४ आणि बीटा-ट्युब्युलिन कॉन्टॉर्टस ठरलेल्यांवर. मायक्रोसॅटेलाइट तूर्त बाजूला. फिरत्या मेंढ्यांचे नमुने मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच मिळतील, बाकीचे पावसाळ्यात. हंगाम वेगळा असल्याने तुलना बिघडेल का?

---

बडोदेकर_पॉपजेन

अंड्यांची संख्या आणि जातींचं प्रमाण यांची तुलना बिघडेल, ती करू नका. ॲलीलचं प्रमाण दोन-तीन महिन्यांत सहसा हलत नाही, मधे औषध पाजलं नसेल तर. पाजलं असेल तर प्रतिकारक ॲलीलचं प्रमाण एका फेरीत उडी घेतं, कारण मरायचे ते मेलेले असतात. औषधानंतर निदान सहा आठवडे झालेला कळप घ्या, आणि ते शक्य नसेल तर तारीख लिहा. शिवाय गावच्या शेळ्यांतल्या पाच-सहा कळपांचा नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा नमुना घ्या. हंगामामुळे काय हलतं ते त्याच कळपात दिसेल.

---

बेंच_३

आणि लेबल. अल्कोहोलच्या नळीवर मार्करने लिहिलेलं एका गळतीत पुसलं जातं, मग शंभर नळ्या आणि एकही नाव नाही. जाड कागदाची चिठ्ठी, शिसपेन्सिलीने लिहून, नळीच्या आत जंतांसोबतच टाका. पेन्सिलीतलं ग्राफाइट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. बॉलपेनाची शाई विरघळते, आणि रंग जंतांना चढतो तो वेगळाच.